मंगळवार-शुक्रवारची गाडी

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली ती झारापच्या पुढे, हायवेच्या चढावर. वर्षालीने आधी घड्याळात पाहिलं आणि मग शेजारी बसलेल्या सासूकडे. पावणेदहा वाजले होते. म्हापशाच्या दवाखान्यात पार्वतीला अकराला मशीन लागायचं, आणि अकराचे सव्वाअकरा झाले की तिथली सिस्टर पुढच्या पेशंटला हाक मारायची.

"पडली?" पार्वतीने विचारलं.

"पडली."

"तरी मी सांगी होतंय. गाडी पण कंटाळली आता."

वर्षाली उतरली. बॉनेट उघडून उभी राहिली, कारण उघडं बॉनेट दिसलं की मागून येणारे ट्रक जरा लांबून जातात. आत काय बघायचं ते तिला ठाऊक नव्हतं. इंजिनाची धग तोंडावर येत होती. ती चार पावलं पुढे गेली, चार मागे आली, पुन्हा घड्याळ पाहिलं. वीस-पंचवीस मिनिटं गेली की गाडी आपोआप सुरू होते, हे मागच्या दोन वेळांवरून तिला कळलं होतं. पण आज सुरू झालीच नाही तर?

गाडी सुरू झाली. पण त्या दिवशी त्या दोघी पोचल्या तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते, मशीन दुसऱ्याला लागलं होतं, आणि पार्वतीचा नंबर दुपारी तीनला आला.

ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या मार्चमधली. त्याच्या आदल्या गणपतीनंतर पार्वतीच्या दोन्ही किडन्या गेल्या. हृदयही अशक्त, त्यामुळे दुसरी किडनी बसवायचा विषय डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत संपवला. राहिलं डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. तिचा एकुलता मुलगा गुरुदास बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला. नऊ महिन्यांच्या करारावर निघण्याआधी त्याने एक जुनी लाल गाडी घेतली. आईला एसटीचे धक्के नकोत म्हणून. वर्षालीने मालवणात पंधरा दिवसांत गाडी शिकून घेतली, शाळेतली नोकरी सोडली, आणि आचरा ते म्हापसा असा रस्ता सुरू झाला. पहाटे उठायचं, सातला निघायचं, मशीनवर चार तास, आणि दिवेलागणीला परत.

पार्वतीने तीस वर्षं आचऱ्याच्या बाजारात मासे विकले होते. तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. नवरा गेला तेव्हाही तेराव्या दिवसानंतर ती पाटी डोक्यावर घेऊन बाजारात हजर होती. आता तिला दिवसाला मोजून चार पेले पाणी. मीठ बंद, सुकी मासळी बंद, नारळपाणी बंद. डाव्या हाताच्या मनगटावर ऑपरेशन करून जाड केलेली शीर, तिला बोट लावलं की आतून गुणगुणल्यासारखी थरथरायची. त्या हाताने जड काही उचलायचं नाही, अशी सक्त ताकीद.

आणि आता ही गाडी.

वाडीत लोकांनी आपापलं निदान केव्हाच केलं होतं. बाईमाणूस चालवतंय, क्लचवर पाय ठेवून चालवत असणार. कुणी म्हणे पेट्रोलात भेसळ. तिठ्यावरच्या गॅरेजवाल्या शिवाने गाडी दोनदा ठेवून घेतली, प्लग बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला आणि गावात चार फेऱ्या मारून परत आणली.

"वैनी, माज्याकडे आसता तेवा गुमान चलता," तो म्हणाला. "माका सांगा, तुमी चढावर गिअर कितवो टाकतास?"

वर्षालीची कानशिलं तापली. पण तिची तिलाच आतून खात्री वाटेना. खरंच आपलं काही चुकत असेल का?

झारापच्या प्रकारानंतर शिवा पुन्हा आला. स्पीडोमीटरशेजारी इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागून राहिला होता. शिवाने बॅटरीची एक वायर काढली, विडी ओढून होईपर्यंत थांबला आणि परत लावली. दिवा गेला.

"झाला. आता चिंता नको."

चिंता कशी जाणार? त्या संध्याकाळी वर्षाली घरात नुसती फेऱ्या मारत होती. फेऱ्या मारता मारता तिला गुरुदासच्या कपाटातली एक डबी आठवली. मागच्या खेपेला त्याने सिंगापूरहून आणलेली, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होती. हाताच्या पंजाएवढी काळी डबी, तिला हातभर केबल, केबलच्या टोकाला रुंद प्लग, आणि वर दोन ओळींचा करडा पडदा. "गाडयेचो डॉक्टर," असं म्हणून त्याने ती हसत कपाटात टाकली होती.

वर्षालीने टॉर्च घेऊन अंगणात गाडीत डोकं घातलं. डबीसोबतच्या माहितीपुस्तकातल्या चित्राप्रमाणे स्टिअरिंगखाली चाचपडून सॉकेट शोधून काढलं. प्लग बसवला, चावी फिरवली, बटण दाबलं. पडदा उजळला, थोडा वेळ विचार केल्यासारखा थांबला आणि म्हणाला: कोड नाही.

ती चिडून पुस्तक चाळत बसली. तेव्हा तिला कळलं की बिघाड झाला की गाडीचा कॉम्प्युटर त्याचा नंबर आपल्या आठवणीत टिपून ठेवतो. बॅटरीची वायर काढली की ती आठवण पुसली जाते. म्हणजे शिवाने दिव्याबरोबर पुरावाही घालवला होता.

डबी तिने गाडीतच ठेवली. पुढच्या शुक्रवारी तिला गाडी बंद पडायची जवळजवळ घाईच झाली होती. कुडाळ गेलं, झाराप गेलं, काही झालं नाही. बांद्याच्या अलीकडे इंजिन एकदम गप्प झालं. वर्षालीने गाडी कडेला घेतली आणि पार्वतीच्या मांडीवरून हात घालून डबी काढली.

"ह्या काय आता?"

"थांबा हां, आई."

प्लग. चावी. बटण. या वेळी पडद्यावर अक्षरं आली: पी-०३३५.

पुस्तकाच्या मागे नंबरांची यादी होती. तिने बोट फिरवत ती ओळ गाठली. क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. पुढे बारीक इंग्रजीत दोन ओळी होत्या, त्या तिने तीन वेळा वाचल्या. इंजिन किती वेगाने फिरतंय यावर नजर ठेवणारा एक लहानसा सेन्सर असतो. त्याची नजर गेली की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थांबलंच आहे, आणि तो पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करतो.

वर्षाली सीटला टेकून बसली. छातीतून एक लांब श्वास आपोआप बाहेर पडला. आपला पाय नव्हता. आपला गिअर नव्हता.

"काय सांगता ती?" पार्वतीने डबीकडे हनुवटी केली.

"सांगता, माझी चूक नाय."

पार्वतीने सुनेकडे वळून पाहिलं. "तुझी आसा म्हणान कोण म्हणला?"

"सगळेच म्हणतत."

"मी म्हटलंय?"

नव्हतं म्हटलं. वर्षालीला एकदम भरून आलं आणि तिने उगाच आरसा नीट केला.

बोटीवरून गुरुदासचा फोन दर रविवारी यायचा, सहा मिनिटांचा. तीन मिनिटं आईची, तीन वर्षालीची. त्या रविवारी तिने त्याला आपल्या तीन मिनिटांत कोड सांगितला. तो लगेच म्हणाला, "गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर सुरू? मग तोच. आतली तार तुटलेली असते गो. तापली की फाकते, गार झाली की चिकटते. पण शिवा एवढ्यावर पार्ट मागवायचा नाही. त्याला दाखव. बंद पडली की सेन्सरवर गार पाणी ओत."

मग बुधवारी दुपारी अंगणात ते दाखवणं झालं. एप्रिल लागला होता, लोडशेडिंगमुळे पंखा बंद, झाडाचं पान हलत नव्हतं. गाडी उभ्याउभ्या चालू ठेवून वर्षाली, शिवा आणि पडवीत बाकावर पार्वती, तिघंही तिच्याकडे बघत बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. शिवा दोनदा उठला, दोनदा बसला.

"वैनी, माका गॅरेजवर—"

इंजिन बंद पडलं. शिवाने स्टार्टर मारला. गर्रगर्र फिरलं, पण पेटलं नाही. वर्षालीने डबी लावून त्याला नंबर दाखवला. मग पाण्याची बाटली घेऊन तिने बॉनेटमध्ये वाकून, गिअरबॉक्सच्या अंगाला खाली बसलेल्या त्या सेन्सरवर बारीक धार सोडली. वाफ उठली. बाटली संपली.

"आता मारा."

एका झटक्यात गाडी सुरू झाली.

"हात तिच्या मायला!" शिवा म्हणाला, आणि मग पडवीत पार्वती बसली आहे हे आठवून त्याने जीभ चावली. डबी त्याने हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. "कोल्हापूरच्या दुकानात फोन करतंय. फोंड्याच्या घाटातून येणाऱ्या एसटीच्या डायव्हराकडे देतले. पर्वाक मिळात."

पार्वती पडवीवरून उतरली. गेले कित्येक महिने ती आपणहून अंगणात आली नव्हती. बॉनेटच्या कडेला हात टेकून तिने आत पाहिलं.

"खंय आसा तो?"

"तो खाली आसा, दिसाचो नाय. पण तेची वायर बघा, ही अशी वर येता आणि बॅटरीकडे ह्या काळ्या क्लिपात जोडलेली आसा."

"आणि ही काडली तर?"

"काडली तर गाडी सुरूच जावची नाय. नुसतो स्टार्टर फिरत रवतलो."

"कशी काडतत?"

वर्षालीने क्लिपची जीभ दाबून दोन तुकडे वेगळे करून दाखवले आणि टक् करून परत जोडले. सासू विचारतेय, ऐकतेय, याचाच तिला एवढा आनंद झाला होता की ती मग इंजिन ऑइलबद्दलही सांगायला लागली.

सेन्सर आला. शिवाने गाडीखाली झोपून वीस मिनिटांत बसवला. वर्षालीने डबीवरचं दुसरं बटण दाबून जुना कोड पुसला. त्यानंतर तीन आठवडे गाडी कुठेही अडली नाही. पण वर्षालीचा जीव काही स्वस्थ झाला नाही. झारापचा चढ आला की तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे. प्रत्येक आवाजाला ती कान टवकारायची. घरी आल्यावर सवयीने डबी लावून बघायची, कोड नाही असं दिसलं की मगच चपला काढायची.

पार्वती पुन्हा गप्प झाली होती. रस्त्यात बोलत नव्हती. जेवणातलं निम्मं ताटात राहायचं. संध्याकाळी ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून समुद्राच्या बाजूला तोंड करून बसायची. वर्षालीला वाटायचं, उन्हाळा आहे, थकवा आहे.

एका शनिवारी मालवणच्या शाळेतून फोन आला. जूनपासून विज्ञानाची जागा रिकामी होत होती, वर्षाली परत येईल का, असं मुख्याध्यापिका विचारत होत्या. पार्वती आतल्या खोलीत पडली होती. वर्षालीने आवाज हळू केला. "नाही मॅडम, जमणार नाही. घरी पेशंट आहेत ना. हो, मंगळवार-शुक्रवार तर नाहीच, पण बाकीचे दिवसही... बघा ना, तुम्ही दुसरं कुणी बघा."

त्यानंतरचा मंगळवार.

सातला वर्षाली गाडीत बसली, नेहमीप्रमाणे आधी एक हॉर्न मारला आणि चावी फिरवली. स्टार्टर गर्रगर्र फिरला. गाडी पेटली नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. चौथ्यांदा फिरवली तेव्हा पिवळा दिवा तसाच लागून राहिला.

तिने डबी लावली. पी-०३३५.

"असं कसं?" ती मोठ्याने म्हणाली. नवा पार्ट. तीन आठवडे. तिने पाण्याची बाटली उचलली आणि परत खाली ठेवली. रात्रभर उभ्या असलेल्या गार इंजिनावर पाणी ओतून काय होणार? गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी गार असताना बंद, म्हणजे बिघाड तो नव्हता. नंबर तोच, पण बिघाड दुसरा. तिने शिवाला फोन लावला, तो उचलेना. सव्वासात. ती बॉनेट उघडायला पुढे गेली आणि थांबली.

बॉनेट नीट लागलेलं नव्हतं. पहिल्या खटक्यावर नुसतं टेकलेलं होतं, बोटभर उघडं. तिने ते कधी असं ठेवलं नसतं.

तिने ते वर केलं. बॅटरीशेजारी काळ्या क्लिपचे दोन तुकडे एकमेकांपासून चार बोटं लांब लोंबत होते. जीभ शाबूत. कुरतडल्याची खूण नाही. कुणीतरी ती दाबून, शांतपणे ओढून काढली होती.

वर्षालीने वळून पाहिलं. पडवीच्या बाकावर पार्वती बसली होती, घरातल्या जुन्या लुगड्यात. इतर मंगळवारी ती साडेसहालाच तयार होऊन पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची.

"आई, ही वायर कोणी काडली?"

पार्वती माडांकडे बघत होती. "उंदरान."

"उंदीर क्लिप दाबूक शिकलो?"

पार्वतीने माडांवरची नजर काढून सुनेकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच काडलंय. काल सांजचा."

वर्षाली पायऱ्या चढून वर आली. तिला काय वाटत होतं ते तिचं तिलाच नीट कळत नव्हतं. राग होता, आणि रागाखाली काहीतरी गार गार सरकत होतं.

"कित्याक?"

"माका जावचा नाय."

"मगे तसा तोंडान सांगाचा! गाडी कित्याक मोडतास?"

"सांगला असता तर तू आयकलं असतंस?"

वर्षालीने नसतं ऐकलं. तिने आजवर पार्वतीला कधी विचारलंच नव्हतं. सातला हॉर्न मारायचा, साडेसातला मालवण, साडेआठला कुडाळ. गाडीची काळजी करता करता गाडीत बसलेल्या माणसाकडे बघायचं राहून गेलं होतं.

"त्या इस्कुलाच्या फोनासाठी मां?" तिने विचारलं. "तुमी आयकलास. माझ्यासाठी केल्यात ह्या."

पार्वतीने मान हलवली. "होय म्हटला तर माका पुण्य लागात. पण खोटा कित्याक सांगू? आयकलंय मी, वायट पण वाटला. पण तुझ्यासाठी नाय गो. माकाच नको झाला." ती थांबली, ओठांवरून जीभ फिरवली. "एक दीस रस्तो. एक दीस खाटेर. मगे परत रस्तो. सुये बघान आता अंगाक काटो येता. आणि तान... दर्याच्या कडेक रवतंय आणि घोट घोट पानी मोजून पितंय. स्वप्नात पण पानीच दिसता. ह्या असा किती दीस?"

"नाय गेलास तर काय जाता, ता ठावक आसा तुमका?"

"डाक्टरान सांगलाहा. धा-बारा दीस."

"आणि तरी?"

"तरी काय, ता माका पण कळना नाय," पार्वती म्हणाली. "म्हणान वायर काडलंय. म्हटला, गाडीच सुरू नाय झाली तर माका काय ठरवूक नको."

वर्षाली तिथेच पायरीवर बसली. कोंबडं अंगणातून फिरत होतं. शेजारच्या घरात रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. ती उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. रडावं की ओरडावं ते कळेना, म्हणून ती गाडीकडे गेली, क्लिपचे दोन तुकडे जुळवले आणि टक् आवाज येईपर्यंत दाबले. चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. तिने ती बंद केली.

मग तिने दवाखान्यात फोन लावला. पार्वतीला ऐकू जाईल असा बोलली. "सिस्टर, आज अकराला जमत नाही. दुपारी आहे का मशीन? दोनला? बरं. नक्की नाही, पण धरून ठेवता का?"

फोन ठेवून ती पार्वतीकडे वळली. "दोन वाजताचा मिळाला. साडेदहापर्यंत निघाला तरी पोचतलंव. मी तुमका उचलून गाडयेत घालूचंय नाय. मी गाडयेत बसतंय. येवचा तर येवा."

"आणि नाय इलंय तर?"

"तर मी साडेदहाक गाडयेतसून उतरतलंय."

ती खरंच जाऊन बसली. आठ वाजले. ऊन गाडीवर आलं. तिने काच खाली केली, वर केली, खाली केली. तोंडपाठ झालेलं माहितीपुस्तक उघडलं, एक ओळही डोक्यात शिरली नाही. एकदा वाटलं, जावं आणि पाय धरावेत. एकदा वाटलं, गुरुदासच्या बोटीच्या कंपनीला कळवावं. एकदा तर, देव साक्षीला, असंही वाटलं की नाही आली तर आपण जूनमध्ये शाळेत जाऊ. आणि तो विचार मनात आल्याबरोबर तिने स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. पडवीवरचं बाक रिकामं झालं होतं. पार्वती आत गेली होती. ती निजली असेल, की—

सव्वानऊला दार वाजलं. पार्वती हिरवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन हळूहळू पायऱ्या उतरली. वर्षाली दार उघडायला बाहेर आली नाही. पार्वतीने आपलं दार आपण उघडलं, बसली, आणि धाप उतरेपर्यंत काही बोलली नाही.

"आज जातंय," मग ती म्हणाली. "शुक्रवारचा शुक्रवारी बघया. पण इचारायचा. दारात हॉर्न मारूचो नाय. मी काय पार्सल नाय."

"इचारीन."

मालवण मागे पडलं. धामापूरच्या वळणावर वर्षालीने विचारलं, "बॉनेट जड आसा. खंयच्या हातान उचललास?"

"उजव्या. डाव्या हाताक जड घेवचा नाय म्हणान सांगलाहा मां डाक्टरान." एवढं बोलून पार्वती खिडकीबाहेर बघायला लागली. म्हणजे तो हात अजून जपायचा होता, वर्षालीच्या मनात आलं.

शुक्रवारी सकाळी सहाला तिने विचारलं. चहाचा अर्धा पेला पार्वतीच्या हातात देऊन, समोर उभी राहून. "जावया?"

पार्वतीने पेला संपवायला खूप वेळ घेतला. वर्षालीच्या हातातली चावी घामाने ओली झाली.

"आज नको."

"बरा," वर्षाली म्हणाली. तो एक शब्द बोलायला तिला जेवढं बळ लागलं तेवढं झारापच्या चढावर वीस मिनिटं उभं राहायलाही लागलं नव्हतं. तिने दवाखान्यात कळवलं. मग दिवसभर ती कामं उपसत राहिली. माळ्यावरची भांडी काढली, घासली, परत ठेवली. पावसाळ्याच्या आगोटीसाठी आणलेली लाकडं एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला रचली. दर अर्ध्या तासाने पडवीत डोकावली. पार्वतीने दुपारी आपल्या वाट्यापेक्षा एक पेला पाणी जास्त प्यायलं, सुनेसमोरच, आणि डोळे मिटून घेतले. वर्षालीने ते पाहिलं आणि आत निघून गेली.

शनिवारी, उजाडता उजाडता, खांद्याला कुणीतरी हलवलं.

"ऊठ गो. पाय भरले. श्वास लागता. चल."

पार्वती तयार होती, पिशवीही भरलेली. वर्षालीने तोंडावर पाणी मारलं आणि निघाली. त्या दिवशी तिने गाडी कशी चालवली ते तिला पुढे आठवेना. इंजिन एकदाही अडलं नाही, पण शेजारून येणारा श्वासाचा आवाज तिने कुडाळपासून म्हापशापर्यंत मोजला. शनिवार त्यांचा नव्हता. सिस्टर रागावली, डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, एक मशीन मधल्या वेळेत रिकामं करून दिलं. संध्याकाळी पार्वतीच्या चेहऱ्याची सूज उतरली तेव्हा वर्षाली बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. पार्वतीने तिला हाताने हलवून उठवलं.

"इस्कुलात मंगळवार-शुक्रवार सोडून येतंय म्हणान सांगलंस तर घेतले काय?"

"ठावक नाय. इचारूक व्हया."

"इचार मगे. माका इचारतंस तसा तेंका पण इचार."

रविवारी गुरुदासचा फोन आला. पहिली तीन मिनिटं नेहमी आईची, पण त्या दिवशी वर्षालीने आधी घेतला.

"गाडी कशी आहे?" त्याने विचारलं.

"गाडी बरी आहे."

"आणि आई?"

वर्षालीला सगळं सांगता आलं असतं. वायर, शुक्रवार, शनिवार. तिने रिसीव्हर पार्वतीकडे केला. "घेवा. तुमीच सांगा तेका."

पार्वतीने रिसीव्हर कानाला लावला. "रे गुरुदास," ती म्हणाली, "शुक्रवारी मी गेलंय नाय."

वर्षाली पडवीत जाऊन उभी राहिली. आतून शब्द नीट कळत नव्हते. आवाज मात्र चढत होता, थांबत होता, पुन्हा चढत होता. किती तरी महिन्यांनी तो बाजारातला आवाज तिला ऐकू आला. सहा मिनिटं संपली तेव्हा पार्वती दाराशी आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली.

"रडलो," ती म्हणाली. "मगे माका ओरडलो. मगे परत रडलो."

"आणि तुमी?"

"मी काय? मी आयकलंय." तिने पदराने मान पुसली. "म्हणता, सप्टेंबरात येतंय, तवसर रव. मी म्हटलंय, बघतंय."

वर्षालीने मान हलवली. सप्टेंबर लांब होता. मधे अख्खा पावसाळा होता, बांद्याच्या पुलावर पाणी येण्याचे दिवस होते, आणि दर आठवड्याला दोन सकाळी होत्या, ज्यांचं उत्तर आधी कळणार नव्हतं. तिने कोनाड्यातला मोजाचा पेला घेतला आणि पार्वतीचं संध्याकाळचं पाणी भरायला आत गेली.